सगुण गिरकराचे कायदे

मी मूळचा परभणीचा. बदली झाली
आणि पतसंस्थेच्या देवगड तालुक्यातल्या
खाडीकाठच्या एका शाखेत येऊन पडलो.
पहिल्याच महिन्यात वसुलीला निघालो.
घर उघडं, चूल पेटलेली, पायरीवर चपला
चिखलात रुतलेल्या होडग्यांसारख्या,
माणूस मात्र नाही.
धक्क्यावरचा चहावाला सगुण गिरकर म्हणाला,
"साहेबानु, तो ओहोटलो."
"म्हणजे?"
"भरती इली की येतलो."

मी शब्द टिपून घेतला.
ओहोटणे : हप्त्याच्या तारखेला पाणी मागे सरावं तसं
माणसानं, आवाज न करता, मागे सरणे.

मग शब्द येतच गेले, जाळ्यात नको ते मासे येतात तसे.
सुकटहसू : मे महिन्यात वाळवून ठेवायचं,
चतुर्थीला चाकरमान्यांपुढे भिजवून वाढायचं.
बोंबीलमान : ग्रामसभेत दोन्ही बाजूंना डोलणारी.
(सरपंच तुळाजी पराडकर यांनी हा शब्द
स्वतःबद्दल आहे हे ओळखलं,
आणि मान डोलावली.)
तिसरी : चटका बसल्याशिवाय तोंड न उघडणारी बाई.
हे सगुण हळू आवाजात सांगायचा,
कारण कपबश्या विसळत मागे जनाबाय उभी असायची.
ती तोंड उघडायची नाही.
बशी आपटायची.

कायदे वेगळे.
ते उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानांवर, उलट्या बाजूने.
कलम चार : 'दोन मिन्टात येतंय' म्हणणाऱ्याची दोन मिनिटं
त्याच्या घरापासून मोजू नयेत.
आंघोळीपासून मोजावीत.
कलम सात : पकडलेली सुरमई
धक्क्यापासून तिठ्यापर्यंत, सांगता सांगता, एक वीत वाढते.
तिठ्यावर कोणी ओळखीचं भेटलं, तर दोन.
कलम आठ : उसना नारळ परत येताना लहान होतो.
कलम नऊ : शेजाऱ्याने फणस आणून दिला
तर त्यात माया शोधू नये.
त्याच्या झाडाकडे बघावं.

"आणि एक, दोन, तीन?"
"ती ओहोटली," सगुण म्हणाला,
आणि गाळणं झटकलं.

मार्चअखेर. अहवाल लिहायचा होता, रात्रीचे अकरा,
वीज गेलेली, डोक्यात दुसरा शब्दच येईना.
लिहून टाकलं :
'खाते क्रमांक एकोणचाळीस. सदर कर्जदार ओहोटले आहेत.'
मुख्य कार्यालयाचं पत्र आलं, जावक क्रमांकासकट :
'ओहोटले या शब्दाचा खुलासा करावा.
सदर कर्जदार मयत आहेत काय?'
मी कळवलं :
'मयत नाहीत. भरतीची वाट पाहत आहोत.'

चौकशीला मुल्लाणीसाहेब आले, कोल्हापूरचे,
कडक इस्त्री, बॅगेत शब्दकोश.
दोन दिवस गावात फिरले.
खानावळीत बांगड्याचं ताट, वर तीन वाट्या सोलकढी,
आणि बिल येतंय म्हणताना
त्यांना एक महत्त्वाचा फोन आला.
बोलत बोलत बाहेर गेले, माडाच्या आड,
मग त्या पलीकडच्या माडाच्या आड.
बिल मी दिलं.
आठवड्यानं शेरा आला :
'शब्द स्थानिक पातळीवर प्रचलित आहे. वापरास हरकत नाही.'

परवा माझीही बदली झाली.
पहाटेची एसटी, दोन बोजे, एक आंब्याची पेटी
(कलम नऊ आठवलं, तरी घेतली).
निरोप घ्यायला मी सुकटहसू काढलं होतं,
पण ड्रायव्हर घाईत होता आणि सगुणाचं दार बंद.

फोंडाघाटात तिसऱ्या वळणावर आठवलं :
वहीत माझं पान आहे.
चहाचे दोनशे बारा रुपये.
आठवलं आणि तेवढ्यात फोन वाजला.
"साहेबानु, खय असास?"
खाली दरीत धुकं, वर घाट,
आणि माझ्या तोंडून, देवाशप्पथ, आपसूक निघालं,
"येतंय, सगुण. दोन मिन्टात."

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग कपबश्या. मग जनाबायचं हसणं,
मी पहिल्यांदाच ऐकत होतो.
"गावला," सगुण म्हणाला, "कलम एक गावला,"
आणि काय ते न सांगताच
फोन ठेवला.